बटण्या, भुशा आणि शांत कोपरा

एकतीस वर्षं बालवाडीत काढली की भांडण डोळ्यांआधी पाठीला कळायला लागतं. बाई फळ्यावर मासा काढत असल्या तरी मागे कोणी कोणाचा डबा ओढला, हे त्यांना न वळता समजायचं. त्यांचा नियम एकच होता. पहिल्या फटक्यालाच दोघांना सोडवायचं, तोंड धुवायला लावायचं आणि खोलीच्या दोन टोकांना, दोन शांत कोपऱ्यांत बसवायचं. राग उतरला की हात मिळवायचे. एकतीस वर्षांत त्यांच्या वर्गात कोणाच्या नाकातून रक्त आलं नाही, आणि निवृत्तीनंतरही रोजच्या प्रार्थनेत त्या यासाठी देवाचे आभार मानायच्या.

मुलगा, सून आणि नात तीन आठवडे परगावी निघाले, तेव्हा नातीने आपले दोन जर्बिल आजीच्या स्वाधीन केले. जर्बिल म्हणजे उंदराचाच चुलतभाऊ, पण शेपटीला झुपका आणि मागच्या पायांवर उभं राहून जगाकडे बघायची ऐट मात्र मोठ्या साहेबाची. काळा तो बटण्या, लाकडाच्या भुशाच्या रंगाचा तो भुशा. दोघे सख्खे भाऊ, एकाच काचेच्या पेटीत राहणारे.

"आजी, त्यांना ओरडायचं नाही हं," नात म्हणाली.

"मी कशाला ओरडू?"

"तू सगळ्यांना ओरडतेस. बाबालासुद्धा."

बॅग उचलता उचलता मुलाने मान डोलावली.

नातीने एक कागद लिहून ठेवला होता. पाणी रोज बदलायचं. सूर्यफुलाच्या बिया दोनच, कितीही तोंड केविलवाणं केलं तरी. हात लावण्याआधी हुंगू द्यायचा. भांडणाबद्दल त्यात एक ओळ नव्हती.

दुसऱ्याच दिवशी सकाळी बाई चहा गाळत होत्या आणि पाठीला कळलं. जाऊन पाहतात तर दोघे समोरासमोर उभे राहून पुढच्या पायांनी एकमेकांना थपडा मारताहेत. बटण्याने भुशाला आडवा केला, वर चढून बसला. भुशा चिवचिव ओरडत सुटला, मग पळापळ, मग पुन्हा उभं राहून थपडा.

"अरे, सख्खे भाऊ ना तुम्ही? लाज वाटते का काही?"

वाटत नव्हती. बाईंनी भुशाला अलगद वाटीत घेतलं, उंच बादलीत भुसा पसरून त्याला तिथे ठेवलं आणि बादली खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली. दोघांची तोंडं धुता येईनात, म्हणून त्यांनी घरच धुतलं. काचेची पेटी साबण लावून लख्ख घासली, जुना भुसा टाकून नवा भरला. मनाला कसं बरं वाटलं.

भुशा बादलीच्या तळाशी खरवडत बसायचा. बटण्या पेटीत एका जागी नाक वर करून उभा राहायचा. बाईंना वाटलं, पस्तावलेत. दोन दिवसांनी त्यांनी भुशाला पेटीत सोडलं आणि सवयीने म्हणाल्या, "चला, हात मिळवा."

या वेळी कोणी ओरडलं नाही. बटण्याच्या अंगावरचे केस उभे राहिले, शेपटी सपसप हलली. तो तिरका तिरका पुढे आला. मग एकाएकी दोघांचा मिळून एकच चेंडू झाला आणि पेटीभर गरगरायला लागला. चिवचिव नाही, पळापळ नाही, काचेवर अंग आपटल्याचा तेवढा आवाज. बाईंच्या तोंडून "देवा" एवढंच निघालं. त्यांनी कचऱ्याची सुपली दोघांच्या मध्ये घुसवली तेव्हा भुशाच्या शेपटीच्या मुळाशी रक्त होतं.

प्राण्यांची डॉक्टरीण त्यांच्याच हाताखालून गेलेली होती. आळीतली अर्धी माणसं त्यांच्याच हाताखालून गेलेली, त्यात नवल नव्हतं. तिने जखम पुसून औषध लावलं आणि विचारलं, "बाई, हे पहिलंच भांडण?"

"छे, परवाचं आधी. पण ते मी लगेच मोडलं."

"परवा आवाज होता?"

"होता की. नुसता कल्ला."

"आणि आज?"

"आज चिवचिवसुद्धा नव्हती."

"परवाचा खेळ होता," डॉक्टरीण म्हणाली. "खेळात पाळी बदलते. आत्ता हा खाली, मग तो खाली. एक पळाला की दुसरा सोडून देतो. आणि शेवटी एकमेकांची मान चाटत बसतात. तुम्ही शेवटपर्यंत थांबला होतात का?"

"रक्त निघेपर्यंत थांबू?"

"खेळात निघत नाही. यांची ओळख वासावर असते, बाई. तुम्ही दोन दिवस वेगळं ठेवलंत आणि वर घरही धुतलंत. आज तुम्ही बटण्याच्या घरात एक परका आणून सोडलात."

बाईंनी पदराने चष्मा पुसला, जरा जास्तच वेळ. "मी ना ग, आयुष्यभर हेच केलं."

"माहीत आहे. आम्हा दोघी बहिणींना तुम्ही वेगवेगळ्या वर्गांत टाकलं होतंत. चिमटे काढायचो म्हणून."

"मग? राग आला होता?"

"मी महिनाभर रडले. ती नाही रडली, तिला आवडलं." डॉक्टरीण हसली. "चिमटे मीच काढायचे, बाई. तिचं अंग निळं व्हायचं."

हे ऐकून बाईंना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

उपाय होता, पण खात्रीचा नव्हता. पेटीच्या मधोमध बारीक जाळी लावायची आणि रोज दोनदा दोघांच्या जागा बदलायच्या, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याच्या अंथरुणात झोपावं लागेल. जाळीला पाठी टेकून दोघे झोपायला लागले की जाळी काढून बघायची. "आणि जमलं नाही तर?" बाईंनी विचारलं. "तर दोघे उरलेलं आयुष्य एकेकटे. एकटा जर्बिल बरा नसतो, बाई."

त्या संध्याकाळी नातीचा फोन आला.

"आजी, मारामारी करतात का ग?"

"नाही, अजिबात नाही," बाई म्हणाल्या. शब्दशः खरंच होतं ते.

"का? रुसलेत का?" नातीचा आवाज एकदम बारीक झाला. "ते रोज करतात. न करायला काय झालं?"

सहा वर्षांच्या पोरीला जे माहीत होतं ते बाईंना एकतीस वर्षांत कळलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं, बादली, साबण आणि रक्तासकट.

"आता कायमचे वेगळे?"

"माहीत नाही, बाळा. माझं चुकलं. तू येईपर्यंत मी प्रयत्न करते."

"ओरडू नकोस त्यांना," नात म्हणाली, आणि रडायला लागली.

मग बाई रोज पेटीसमोर खुर्ची टाकून बसू लागल्या. पहिले चार दिवस दोघे जाळी चावायचे. बाईंच्या डोळ्यांसमोर मात्र कोपऱ्यांत बसलेली पोरं यायची. किती जण खरंच मारत होते आणि किती जण नुसतं खेळत होते? काहींना कोपऱ्याने वाचवलं असेल, डॉक्टरणीच्या बहिणीसारखं. काहींची जोडी तिथेच तुटली असेल. प्रत्येकाला तोंड धुवायला पाठवताना त्यांनी एकदाही थांबून ऐकलं नव्हतं. देवाने कान दिले होते, आणि त्यांनी ते फक्त धोक्याच्या घंटेसारखे वापरले. प्रार्थनेत त्या आता आभार मानत नव्हत्या. म्हणायच्या, "हात दिलेस, ते आवरायची बुद्धीही दे."

दहाव्या दिवशी दोघे जाळीच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून झोपलेले दिसले. बाईंनी बागकामाचा जाड हातमोजा चढवला आणि जाळी उचलली.

हुंगणं झालं. बटण्या तिरका झाला. भुशा उभा राहिला. पहिली थप्पड बसली आणि बाईंचा हातमोजा आपोआप पेटीच्या काठावर आला. बटण्याने भुशाला आडवा केला. आवाज नाही. बोटं आत गेली, आणि त्या मोजायला लागल्या, एक, दोन, तीन. पाचाला भुशा चिवचिवला, निसटला, वळला आणि बटण्याच्या पाठीवर चढला. मग बटण्या ओरडायला लागला. मग पळापळ. बाईंनी हात मागे घेतला, पण मोजा काढला नाही. डॉक्टरणीने तीन तास नजर ठेवायला सांगितलं होतं, त्या साडेतीन बसल्या. शेवटी भुशा पोटावर पसरला आणि बटण्या त्याची मान चाटत बसला, तेव्हा कुठे त्यांनी मोजा काढून नातीला फोन लावला.

नात यायच्या आदल्या दिवशी दुपारी बाई पीठ मळत होत्या. बाहेरच्या खोलीत धडपड झाली. पाय स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आपोआप आले. पिठाचे हात हवेत धरून त्या उंबऱ्यावर थांबल्या आणि ऐकत राहिल्या. चिवचिव, मग धावपळ, मग दुसऱ्याची चिवचिव. हातांवरचं पीठ सुकून फुटायला लागलं. खोलीतला आवाज हळूहळू कमी होत पूर्ण थांबला, तरी त्या तिथेच उभ्या होत्या. मग पेटीतून चाटण्याचा बारीकसा आवाज आला, आणि त्या परत पीठ मळायला गेल्या.