वैद्यबाईचं वय

"लोळलास!" प्लास्टरवाल्यानं खुशीत मेव्हण्याच्या सोंगटीला टिचकी मारली. "बुरुजावरून कुणी उडी मारतं का रे?"

"मग काय झालं? ताई, मंत्र मार."

ताईनं, म्हणजे प्लास्टरवाल्याच्या बायकोनं, फासा उचललासुद्धा. टेबलावरच्या या खेळात ती वैद्यबाई, तिचा भाऊ योद्धा, आणि राक्षस, वादळं, दरोडेखोर असलं उरलेलं जग प्लास्टरवाल्याचं. दवाखान्यात तो दिवसभर मोडके हातपाय प्लास्टरमध्ये घालायचा. हाड जुळायला दीड महिना! आणि इथं हा पठ्ठ्या मंत्रासरशी टुणकन उभा.

"थांबा. आजपासून नवा नियम," तो मिशीत हसला. "एका मंत्राला वैद्यबाईची दहा वर्षं खर्च. शंभरी भरली की खलास."

"अहो, हे काय भलतंच!"

"चालेल!" मेव्हणा म्हणाला. वय त्याचं थोडंच वाढत होतं? तो दरीत पडला, लांडग्यांच्या गुहेत डोकावला, विषारी फळसुद्धा चाखून आला. पन्नाशीची वैद्यबाई नव्वदीला टेकली. बायको कमरेवर हात ठेवून, "काय म्हणालास रे बाळा?" करायला लागली. प्लास्टरवाला हसून हसून खुर्चीतून घसरला.

मग राक्षसाचा सोटा बसला. योद्धा पुन्हा आडवा.

बायकोनं फासा उचलला. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानंच तिला खेळ शिकवला, तेव्हापासून हीच वैद्यबाई ती खेळत आली होती. प्लास्टरवाल्याचं हसू विरलं.

"अगं, नियम मागे घेतो."

"आता? रडीचा डाव नको. भाऊ आहे माझा, मारते मंत्र."

मेव्हण्यानं तिची मूठ धरली. "ताई, राहू दे. मरू दे मला."

"गप रे."

"म्हातारीला फार पळवलं मी." त्यानं आपली सोंगटी उचलली आणि खोक्यात टाकली.

मग तो टेबलावर पुढे वाकला. "भाऊजी, डोंगर उतरायचाय अजून. म्हातारीला एखादं गाढव मिळेल का?"

"मिळेल की! पण गाढव खेळणार कोण?"

"दुसरं कोण आहे इथं?"

बायको फिसकन हसली. मेव्हण्यानं फासा टाकला. सहा पडले. चौखूर उधळता आलं असतं.

"एकच पाऊल," गाढव म्हणालं. "ताई, घट्ट धर."