अंकांची बातमी

ताश्कंदच्या रेडिओवर बाजारभाव सांगावा तर मुनव्वरनेच, असं वीस वर्षं चाललं होतं. "निर्देशांक सहा अंकांनी वधारला," हे ती अशा आवाजात म्हणे की ऐकणाऱ्याचा चहा थांबे. सहा अंक म्हणजे नेमकं काय, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं.

मग तिच्या जोडीला नवी निवेदिका लोबार आली. पंचविशीची पोर पहिल्याच दिवशी म्हणाली, "निर्देशांक सहाशेचा सहाशे सहा झाला. म्हणजे शंभरामागे एक वाढला. साठावर सहा वाढले असते तर मात्र मोठी उडी!"

श्रोत्यांचे कौतुकाचे फोन खणखणू लागले. कँटीनवाली गरम सोमसा, म्हणजे तिथला समोसा, आधी लोबारपुढे ठेवू लागली. मुनव्वर आपला सोमसा तसाच टाकून उठू लागली. पोरीला तोंडघशी पाडायचंच, असं ठरवून तिने एकदा चालू कार्यक्रमातच विचारलं, "काय गं, आज निर्देशांक दहा टक्के पडला आणि उद्या दहा टक्के चढला, तर हिशेब फिटला ना?"

"नाही हो, ओपा!" थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ओपा म्हणत लोबार उत्तरली. "शंभराचे नव्वद झाले. पुढचे दहा टक्के नव्वदावरचे, म्हणजे नऊच. नव्याण्णव! किती छान विचारलंत!"

कार्यक्रमप्रमुख शवकत खूश झाला. "ओपा, उद्यापासून तुम्ही विचारायचं, तिने सांगायचं."

"म्हणजे मी अडाणी आणि ती पंडित?"

"अहो, लोकांना तुमचे प्रश्न आवडले!"

रोज गोड आवाजात अडाण्यासारखं विचारताना मुनव्वर आतून जळत होती. शेवटी बँकेतल्या भाच्याला पिडून पिडून ती शिकायला बसली. आणि एका सोमवारी तिने विचारलं, "आज पडलेल्या कंपन्या जास्त, चढलेल्या कमी. तरी निर्देशांक वर कसा गं?"

लोबार अडखळली. कागद चाळू लागली.

"सांगते," मुनव्वर म्हणाली. "मोजताना सगळ्या कंपन्यांचं वजन सारखं धरत नाहीत. दोन थोराड कंपन्या चढल्या की दहा चिल्लर पडलेल्या झाकल्या जातात."

बाहेर आल्यावर लोबारने विचारलं, "कुठून शिकलात, ओपा?" हसत विचारलं, पण ओठ आवळलेले होते. ते आवळलेले ओठ मुनव्वरच्या चांगल्या ओळखीचे होते, रोजच्या आरशातले. तिला फार दिवसांनी कडकडून भूक लागली.