मास्टर भिकनचा आवाज

माझे सासरे वाईट नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकून कुणी त्यांना नावं ठेवली तर मला चालणार नाही. ठेवायची तर मी ठेवीन, तेवढं मी सोसलंय.

लोटन पाटील त्यांचं नाव, पण तापीकाठच्या आमच्या गावात लहानथोर सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. कापूस, केळी, दारात बैल, गावात शब्दाला वजन. आणि आमच्याकडची रीत अशी की सून सासऱ्यासमोर बोलत नाही. पदर नाकापर्यंत ओढायचा आणि तोंडाला कुलूप. आप्पांना पाणी हवं असलं की ते भिंतीकडे बघून म्हणणार, "घरमा कोनी शे का? पानी लई या." मग मी तांब्या उंबऱ्यावर ठेवायचा, बांगड्या वाजवायच्या, की मागच्या पावली आत. लग्न होऊन आले त्या दिवसापासून हेच. माहेरी मी एवढी बडबडी की आई म्हणायची, तापे, तुझ्या तोंडाला टाका घालणारा अजून जन्मायचाय. जन्मला होता की! ओसरीवर बसून सुपारी कातरत होता.

तर त्या साली आप्पा सारंगखेड्याच्या यात्रेला घोडी घ्यायला गेले आणि यात्रा उठेपर्यंत परतलेच नाहीत. आले ते हात हलवत. घोडी कुठंय म्हणून सासूबाईंनी विचारलं, तर म्हणाले, "घोडीले काय करतस? पोलादभाऊ देखा मी!"

झालं होतं असं, की यात्रेत एक खेळवाला तंबू ठोकून बसला होता. आत पांढरा पडदा, मागे दिवा, आणि हातानं काढलेल्या चित्रांची लांबच लांब पट्टी. चाक फिरवलं की चित्रं हलायची. त्यात हा पोलादभाऊ. तोंडावर शेला बांधलेला, अंगात दहा बैलांचं बळ, ढगांतून उडत यायचा आणि दरोडेखोरांना बखोटीला धरून तापीत बुचकळायचा. रोज एक भाग. पोलादभाऊ नेमका विहिरीत पडला की खेळवाला दिवा मालवून म्हणणार, उरलेलं उद्या. मिशीला पीळ भरणारा माझा सासरा पोराटोरांत मांडी घालून रोज पुढचा भाग बघत बसला होता. घोड्यांचा बाजार तिकडे उठून गेला.

आमचे हे (नाव मी घेत नाही, शाळेत त्यांना पितांबर मास्तर म्हणतात) पेटी बरी वाजवतात. खेळ सगळा मुका, तर त्याला गाणी हवीत हे खूळ यांच्या डोक्यात शिरलं. तमाशाची नाही, भजनाची नाही, सिनेमातली तर नाहीच. काहीतरी वेगळंच. तोरणमाळचा गोवाल नावाचा गडी चारोळी विकायला शहाद्याला उतरायचा, तो पावा असा वाजवायचा की उभा बाजार थांबे. त्याला यांनी धरला. पेटी, पावा, एक ढोल आणि आपली अहिराणी. मुंबईतल्या एका रेकॉर्ड कंपनीच्या मागे लागून लागून यांनी त्या लोकांना जेरीस आणलं, तेव्हा ते म्हणाले, या एकदाचे. चार तबकड्यांचा संच करू, वहीसारख्या पुठ्ठ्याच्या अल्बमात घालून विकू, वर पोलादभाऊचं चित्र.

गाणारा पोरगा शाळेतला ठरला होता. ऐन जायच्या वेळी त्याला गालगुंड झालं. हे घरात डोकं धरून बसले. मी आपली चुलीपुढे भाकरी थापत तेच गाणं गुणगुणत होते. बायकांत मी गातेच, लग्नाघरी हळदीला माझ्याशिवाय पान हलत नाही. यांनी डोकं वर केलं आणि माझ्याकडे बघतच राहिले.

"मुंबईले तूच चाल," म्हणाले.

"येड लागनं का तुम्हले?" मी म्हणाले.

पण सासूबाई भिकुबाई म्हणजे भलती बाई. त्या जरा विचार करून म्हणाल्या, "जाय. आप्पाले मी सांगसू, भाऊकडे जायेल शे म्हणून. पन तबकडीवर बाईनं नाव नको. मन्हंच नाव पोऱ्यानं करीसन लाई द्या." असा भिकुबाईचा मास्टर भिकन झाला.

दोंडाईच्याला गाडी धरून सुरतेवरून मुंबई. त्या खोलीत चार परके पुरुष. माझ्या घशातून आवाज फुटेना. शेवटी मी भिंतीकडे तोंड केलं, पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि तशी गायले. कंपनीचा माणूस कपाळाला हात लावून हसला, पण त्यानं माइक उचलून भिंतीकडे आणला. पदराच्या आत मी कुणाची सून नव्हते. ढगांतून उडत होते. खोटं कशाला बोलू, त्या दिवसासारखी मी कधीच गायले नाही.

आणि त्याचीच मला पुढे लाज वाटली.

तबकड्या निघाल्या आणि खपल्याही. आप्पांना ठाऊक होतं ते एवढंच, की पेटी यांची आणि गाणारा बाहेरगावचा कुणी पोरगा. कुणीतरी सांगितलं, पोलादभाऊची गाणी आलीत. झालं! घोडीचे राखलेले पैसे घेऊन ते नंदुरबारला गेले आणि भोंग्याचा फोनो डोक्यावर आणि अल्बम काखेत घेऊन आले. ओसरीवर मांडला, चावी दिली, आणि पोलादभाऊ आला रे आला म्हणत माझाच आवाज घरभर घुमला.

"पोलादभाऊ उना रे उना, ढगवरथीन उना..."

मी आत दळत होते. जात्याचा खुंटा हातातून सुटला.  आता आप्पा हाक मारणार, आता घर डोक्यावर घेणार. पण ओसरीवरून आवाज आला तो असा: "वा रे पोऱ्या! काय गळा शे!"

मग माझ्या ध्यानात आलं. त्यांनी माझा आवाज कधी ऐकलाच नव्हता. कसे ओळखणार?

तिथून रोज संध्याकाळी तोच प्रकार. शेजारचा दोधू पाटील यायचा, आप्पा चावी द्यायचे, मास्टर भिकन गायचा, आणि मी पदर ओढून दोघांना चहा द्यायची. "आशा पोऱ्या ज्याना घरमा व्हई, तो बाप कितला नशीबवान!" आप्पा म्हणायचे, आणि मी कपबशी ठेवून पळायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. सासूबाईंना पदराआड हसू आवरत नसे. मला रडू आवरत नसे. त्यांच्या पुढ्यात उभी राहून मी त्यांना फसवत होते आणि ते मलाच शाबासकी देत होते.

एकदा आम्ही दोघं माझ्या माहेरी चाललो होतो. विसरवाडीला एस.टी. थांबली. समोर हॉटेलावर भोंगा, भोंग्यात मी. ट्रकवाले बाकड्यावर बसून ऐकत होते. त्यातला एक दात कोरत म्हणाला, "पोऱ्या नही रे हाऊ, बाई शे. कोनी नाचनारी व्हई." बाकीचे असे काही हसले की ते हसू माझ्या अंगाला चिकटलं. यांनी मान दुसरीकडे वळवली.  मी मनात म्हणाले, धरणीमाय, पोटात घे. माहेरी पोचल्यावर कितीतरी वेळ मी डोक्यावरून पाणी ओतून घेत बसले.

असल्या गोष्टींना पाय फुटतात. दोधूनं तेच ओसरीवर आणलं. "आप्पा, लोके म्हनतस, मास्टर भिकन बाई शे म्हणे."

आप्पा ताडकन उठले. "कोन म्हनस? बाई व्हई ते ह्या तबकड्या मी तापीमा फेकी देसू! बजारमा गळा काढनारी बाई! आशी बाईना हातनं मी पानी नही पेसू!"

आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "घरमा कोनी शे का? पानी लई या."

मी तांब्या नेला. अर्धं पाणी उंबऱ्यावर सांडलं. बांगड्या वाजवाव्या लागल्याच नाहीत, त्या आपोआप वाजत होत्या. आप्पा घटाघटा प्यायले. मी आत येऊन सासूबाईंना म्हणाले, त्यांना कळलं तर मी या घरात राहणार नाही, कोणी काढायची वाट बघणार नाही. त्या दिवशी सासूबाईही हसल्या नाहीत.

पुढे कंपनीनं दुसरा संच मागितला. मी साफ नाही म्हटलं. हे तोंड पाडून फिरू लागले. आणि आप्पांनी नवीनच काढलं, हनुमान जयंतीला मास्टर भिकनला गावात आणायचं आणि त्याला फेटा बांधायचा! हे चाचरत म्हणाले, "आप्पा, त्याचा आता आवाज फुटला असेल, मोठा झाला तो." तर आप्पांचा चेहरा एवढासा झाला. "पोऱ्याना गळा गया?" म्हणाले, आणि रात्री नीट जेवले नाहीत. मला वाटलं, जाऊन पाय धरावेत आणि सांगावं. पण सांगायला तोंड कुठं होतं? तेच तर उघडायचं नव्हतं.

त्यानंतरचीच गोष्ट. दुपार होती. सासूबाई नदीवर धुण्याला, हे शाळेत. आप्पा अंगणात फोनो मांडून, कान भोंग्यात घालूनच बसले होते म्हणा ना. त्यांना दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मी दारात तांदूळ निवडत होते. गोठ्यातल्या नव्या खोंडानं दावं तोडलं. आधीच बुजरं जनावर, त्यात भोंग्याचा आवाज. शिंगं खाली घालून ते सरळ आप्पांच्या पाठीवर निघालं.

सूप टाकून मी ओरडले. "आप्पाऽऽ! सरका! बाजूले सरका!"

त्या तबकडीवरच्या आवाजाच्याही वर माझा आवाज गेला. आप्पा दचकून बाजूला पडले. खोंड फोनोवरून गेलं. भोंगा चेपला, खालचं खोकं फुटलं, चारही तबकड्यांचे तुकडे तुकडे झाले.

गाणं थांबलं. मी मात्र अजून ओरडतच होते, "लागनं का आप्पा? लागनं का?"

आप्पा मातीत बसलेले. त्यांनी फुटक्या तबकड्यांकडे बघितलं. मग दाराकडे, माझ्याकडे. माझा पदर खांद्यावर आला होता. लग्न झाल्यापासून त्यांनी माझं तोंड पहिल्यांदा पाहिलं असेल. त्यांच्या ओठांवर "मास्टर..." एवढं आलं आणि राहिलं. उठले, टोपी झटकली आणि मळ्याच्या वाटेनं चालू लागले.

मी गाठोडं बांधलं. सासूबाई आल्या, त्यांनी अंगणातले तुकडे पाहिले, माझं तोंड पाहिलं, आणि खांबाला टेकून बसल्या. हे शाळेतून आले, ते पण शेजारी बसले. आम्ही तिघं चोरांसारखे वाट बघत राहिलो.

दिवेलागणीला आप्पा आले. ओसरीवर बसले. पाणी मागितलं नाही. मी मनात म्हटलं, संपलं. तरी रीत म्हणून तांब्या भरला, उंबऱ्यावर ठेवला आणि मागे फिरले.

"थांब," ते म्हणाले. भिंतीला नाही, मला म्हणाले.

मी पदर ओढून उभी राहिले. ते माझ्याकडे बघत नव्हते, स्वतःच्या पायांकडे बघत होते. मान खाली घातलेले आप्पा मी कधी पाहिले नव्हते. बोलले ते सासूबाईंशी.

"इतला वरीस ही पोर मन्हा घरमा ऱ्हायनी," म्हणाले. "मन्हं रांधनं करं, मन्हं पानी भरं. अन् तिन्हा आवाज माले बजारमाईन इकत लेना पडना."

 त्यांनी तांब्या उचलला, पाणी प्यायले, उपरण्यानं तोंड पुसलं आणि डोळेही पुसले.

मग मान वर करून म्हणाले, "बोल ना माय. कायबी बोल."

अख्ख्या खानदेशाच्या बाजारात गायलेली मी, त्या वेळी तोंडातून एक शब्द फुटेल तर शपथ.