दहा हात टाके

नर्सला सातवा महिना लागला, तशी तिच्या आईने आणि सासूने बाळासाठी लोकरीचं ब्लँकेट विणायला घेतलं. अर्धं एकीने, अर्धं दुसरीने, मग मधोमध जोडायचं. दोघी राहायच्या वेगवेगळ्या गावांत, त्यामुळे सगळं फोनवरच ठरलं.

"दहा हात टाके घालूया," आई म्हणाली.

"दहा तर दहा," सासू म्हणाली. तिथेच माशी शिंकली.

महिन्याभराने दोघींनी आपापलं निळं विणकाम नर्सच्या पलंगावर पसरलं. आईच्या तुकड्याने निम्मा पलंग व्यापला. सासूचा तुकडा त्याच्या शेजारी मफलरसारखा दिसत होता.

"विहीणबाई, लोकर कमी पडली का हो?" आईने गोड आवाजात विचारलं.

"छे! पण तुम्ही एका बाळासाठी विणलंत की सगळ्या वॉर्डासाठी?"

दोघींचे चेहरे बघून नर्स मध्ये पडली. "थांबा, आधी मोजून दाखवा बरं दोघी," ती म्हणाली.

सासूने एकेक बोट मिटत पाच मोजले. मूठ वळली. "हा एक हात."

आईने अंगठा करंगळीच्या पेरांवर फिरवला. तीन पेरं, मग पुढचं बोट, पुन्हा तीन. चार बोटांत बारा झाले. "आणि हा माझा."

"अंगठा नाही धरत?"

"तो मोजणारा! त्यालाच कसं मोजायचं?"

सासू पोट धरून हसली. मग माहेरच्या गोष्टी निघाल्या. आईचे वडील बेकरीत एका हाताने पाव रचायचे आणि दुसऱ्या हाताच्या पेरांवर मोजायचे. बाराचे दोघांत, तिघांत, चौघांत सारखे वाटे पडत. सासूच्या माहेरी मेंढ्या होत्या. हातांची बोटं संपली की पायांची, मग झाली विसाची एक कोडी.

उसवायला दोघी तयार नव्हत्या. नर्सने हिशेब केला आणि सासूला म्हणाली, "सत्तर टाके कमी आहेत. तुमचे अजून चौदा हात हवेत, वेगळी पट्टी विणून जोडू."

"सात मी विणते," आई म्हणाली.

"पण हात माझे हं, पाचाचे!"

तसली निळी लोकर दुकानात संपली होती, म्हणून पट्टी पिवळी झाली. आई अंगठा धरायला सारखी विसरत होती आणि सासू तिला टोकायची एकही संधी सोडत नव्हती. त्यांच्या मध्ये आडवी झालेल्या नर्सला हसता हसता कधी डोळा लागला, ते कळलंच नाही.