सगळे स्वर वाचवणाऱ्या बाई

मी एक जुना पियानो आहे, मित्रांनो, आणि कालपासून माझा जीव भांड्यात पडला आहे.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात लाकूड वर्षानुवर्षं वाळवत ठेवत आणि तार ताणताना कारागीर कान देऊन बसत. तिथून मी एका नृत्यशाळेत गेलो. मुली माझ्या तालावर नाचल्या, पालकांनी ओले कोट माझ्या डोक्यावर टाकले आणि कौतुक मात्र सगळं मुलींचं झालं. शाळा बंद पडली, तेव्हा दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला घरी आणलं.

बाईंचा एक बाणा होता. वाचवता येईल तो दात काढायचा नाही. पेशंट त्यांना दुवा देत. पण त्यांनी हाच बाणा माझ्याकडेही चालवला आणि घोडं तिथेच पेंड खाऊ लागलं.

बाईंचे धाकटे दीर एका जॅझ बँडमध्ये बास, म्हणजे खर्जात वाजणारं माणसाएवढं उंच तंतुवाद्य, वाजवतात. त्यांच्या साथीला बसायची बाईंना फार हौस. आता जॅझमधली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर, तीन स्वरांवर थांबत नाही. एक सोडून एक अशी ती चढत जाते: पहिला, तिसरा, पाचवा, सातवा आणि मग सप्तक ओलांडून नववा, अकरावा, तेरावा. बाईंच्या जॅझच्या पुस्तकात सातही छापलेले, म्हणून बाई सातही वाजवत, तेही माझ्या खालच्या जाड तारांवर. एकालाही सोडायला त्यांचं मन होईना. असा काही गलका उठे, की घरातलं मांजर उठून दुसऱ्या खोलीत जाई.

बाईंनी खापर माझ्यावर फोडलं. वाद्यच म्हातारं झालंय, असं त्या सगळ्यांना सांगू लागल्या. हळूहळू माझं झाकण कुणी उघडेनासं झालं. मग सुतारकाका येऊन माझ्यामागच्या भिंतीचं माप घेऊन गेले. तिथे कपाट होणार होतं आणि मला जुन्या सामानाचा व्यापारी नेणार होता. तो माझ्यासारख्यांची लाकडं वेगळी करतो, हे मी ऐकून होतो. मला फार भीती वाटली.

काल भावोजी बास घेऊन आले. निरोपाचं एकदा वाजवू, म्हणाले. बाईंनी सातही स्वर दाबले. भावोजींनी डोळे मिटले, पण ते हसले नाहीत.

"वहिनी, दात फार दाटीनं आले तर तुम्ही काय करता?"

"एखादा काढते. त्याशिवाय बाकीचे सरळ कसे बसणार?"

"मग इथे का सगळे वाचवताय?"

भावोजींनी समजावलं, की पहिला स्वर बास वाजवतोच, पाचवा नसला तर कुणाला कळतही नाही आणि अकरावा इथे तिसऱ्याशी भांडतो. बाईंनी तिघांनाही रजा दिली. डाव्या हातात तिसरा आणि सातवा, उजव्यात नववा आणि तेरावा, सगळे माझ्या मधल्या पट्ट्यांवर. खाली भावोजींनी तार छेडली.

मित्रांनो, तो आवाज माझाच होता, आणि मला तो ओळखू आला नाही. इतका मोकळा मी कधी वाजलो नव्हतो. मग बाई पुढच्या कॉर्डकडे सावकाश गेल्या. डाव्या हाताचं एकच बोट शेजारच्या पट्टीवर सरकलं आणि काम झालं. त्या पुन्हा पुन्हा तेवढंच वाजवत राहिल्या. मांजर परत येऊन माझ्या पायाशी बसलं.

मग बाईंनी सुतारकाकांना फोन लावला. "काका, कपाट दुसऱ्या भिंतीला करा. ही भिंत रिकामी नाही."

म्हणून माझं एवढं ऐका. आम्हाला उन्हापासून आणि ओलीपासून जपा, आमच्या डोक्यावर कोट टाकू नका, वेळच्या वेळी तारा सुरात लावून घ्या. आणि आवाज बिघडलाच, तर आधी दोन-तीन बोटं उचलून बघा. सुतारकाकांना काय, नंतरही बोलावता येतं.