दोरीनं गेलेली बोटं

आमच्या थोरल्याला एक खोड आहे. करायचं ते करून मोकळा होतो आणि मग मला सांगतो, तेही अर्धंच. त्याचे वडील जाऊन वर्ष झालं. शाळेची भिंत यांनी एकट्यानं रचलेली, म्हणून त्या भिंतीत यांच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं. थोरला त्याच शाळेत हेडमास्तर, म्हणून मजकूर त्यानंच लिहिला. मला विचारलं? नाही. जेवताना म्हणाला, "आई, मजकूर पाथरवटाकडे दिलाय. छान झालाय." मी म्हटलं, वाचून दाखव. तर म्हणे, "दगड बसवतील त्या दिवशीच ऐक ना."

हेडमास्तर झाला तरी लपवाछपवी करताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. तो जन्मल्यापासून मी त्या बघतेय.

दुसऱ्या दिवशी भांडी तशीच टाकून मी पाथरवटाच्या शेडवर गेले. माझी शाळा दुसरीपर्यंत, आणि दुसरीतही मला दया म्हणूनच ढकललेलं. पण अक्षराला अक्षर लावून वाचते. दगड दोन ओंडक्यांवर आडवा ठेवलेला. वरच्या दोन ओळी कोरून झालेल्या, खालच्या नुसत्या खडूनं लिहिलेल्या. मी बोट ठेवून वाचत गेले. नाव बरोबर. 'माजी सैनिक' बरोबर. तिसरी ओळ मात्र मी दोनदा वाचली. 'रणांगणात शत्रूच्या गोळीने उजव्या हाताची दोन बोटे गमावूनही...'

"छिन्नी खाली ठेव," मी पाथरवटाला म्हटलं.

"काकू, परवा दगड बसवायचाय."

"परवा बसेल. हेडमास्तरला फोन लाव. म्हणावं, तुझी आई दगडावर बसलीय."

आणि बसले.

खरं काय झालं ते सांगते. हे अकरा वर्षं फौजेत होते, खेचरं हाकायला. डोंगरावरच्या चौक्यांवर पाणी पोचवायचं काम. बंदूक दिली होती, ती पुसण्यातच निम्मी नोकरी गेली, असं स्वतःच सांगायचे. खेचरवाल्यांचा एक कडक नियम. जनावराची दोरी हाताला गुंडाळायची नाही, नुसती मुठीत धरायची. जनावर घसरलं तर दोरी सुटली पाहिजे, माणूस राहिला पाहिजे.

लढाईच्या दिवसांत वरच्या चौकीवर तीन दिवस पाणी पोचलं नव्हतं. वाटेवर बर्फ. गारठ्यानं यांची मूठ मिटेना, म्हणून यांनी दोरीचे दोन वेढे बोटांना घेतले. मधेच खेचर घसरलं, मागचे पाय कड्याबाहेर. हे एका खडकाला टाचा लावून उताणे पडले आणि खेचर वर येईपर्यंत तसेच राहिले. पाणी चौकीवर पोचलं. दोन बोटं दोरीनं नेली. शिवाय नियम मोडला म्हणून साहेबानं चौदा दिवसांची शिक्षा ठोकली. पदक नाही, काही नाही.

उरलेल्या बोटांनी या माणसानं घरी येऊन काय नाही केलं. उतारावरची सगळी गोटाळ, नुसत्या दगडगोट्यांची जमीन, तिला बांध घालत घालत सपाट केली. चार खोल्या उभ्या केल्या. मी दगड द्यायची, हे रचायचे. मी अंथरुणाला खिळले होते त्या वर्षी लेकींच्या वेण्या हेच घालायचे. वेण्या वाकड्या यायच्या, पण संध्याकाळपर्यंत एक बट सुटायची नाही. खेचराचा बोजा बांधणारा हात तो. आणि शाळेची भिंत तर साठीनंतर, का, तर गुरं आत शिरून पोरांचे डबे खायची.

थोरला मोटारसायकलवर आला. "आई, ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत. तिसरी ओळ वाच. मोठ्यानं."

तो वाचेना. "यात वाईट काय आहे? बाबांचा मानच वाढतोय."

"कमी पडत होता का, म्हणून वाढवतोयस?"

मग मात्र त्याचा आवाज चढला. "तुला काय माहीत? मी चौथीत होतो. पोरांना मी गोळीच लागली असं सांगितलं होतं. बाबांच्या कानावर गेलं, तर वर्गात येऊन उभे राहिले. म्हणाले, पोरांनो, गोळी नव्हती, दोरी होती, आणि चूक माझी होती. पुढे वर्षभर सगळी शाळा मला दोरी म्हणायची. ए दोरी, इकडे ये. ए दोरी, फळा पूस."

"पहिल्यांदा मीच म्हणालो होतो," पाथरवट हातोड्याकडे बघत म्हणाला. दोघं एका वर्गातले.

"मला माहितेय ते," थोरला म्हणाला.

चाळीस वर्षं हे ओझं घेऊन फिरतोय, हे मला ठाऊक नव्हतं. आईला ठाऊक असायला हवं होतं, ते माझं चुकलं. पण एक त्यालाही ठाऊक नव्हतं.

"त्या दिवशी तुझे बाबा जेवले नाहीत," मी म्हटलं. "ताट सरकवून म्हणाले, आज पोराला दुखवून आलो. पण उद्या त्याला स्वतःची चूक चारचौघांत सांगायची वेळ आली, तर ती कशी सांगतात ते त्यानं बघितलेलं असू दे."

थोरला म्हणाला, "हे कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? आम्हाला वाटलं, विसरलास."

मी दगडावरून उठले, पदराचं टोक पाथरवटाच्या बादलीत बुडवलं आणि खडूच्या ओळी पुसून काढल्या. थोरल्यानं हात धरला नाही. नुसतं म्हणाला, "आई, पण नियम मोडला, शिक्षा झाली, असं दगडावर कोण लिहितं?"

"आपण लिहितो. दोरी लिही, मोडलेला नियम लिही, चौदा दिवस लिही, आणि पाणी पोचलं तेही लिही. परवा सगळ्या शाळेसमोर तूच ते वाचायचंस, माझ्याकडे न बघता. कोणी हसलं तर हसू दे, तू मधे थांबायचं नाहीस. वडिलांनी तुझ्या वर्गात येऊन केलं ते तुला तुझ्या शाळेत जमत नसेल, तर दगडावर त्यांचं नाव राहू दे आणि खुर्ची दुसऱ्याला दे."