आपला स्टोव्ह

“दिला म्हणजे? कुणाला विचारून दिलास?”

नर्सबाई माळ्याच्या शिडीवरच थांबल्या. माळ्यावर नवऱ्याची सॅक होती, दोर होता. डोंगरावर न्यायचा रॉकेलचा स्टोव्ह मात्र नव्हता. त्या जागी नुसता तेलकट डाग.

“कप्तानकाकांनी मागितला, आई. बाबांची आठवण म्हणून,” शिडी धरून उभा असलेला मुलगा म्हणाला. “तुला काय करायचाय तो?”

नर्सबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कप्तान म्हणजे नवऱ्याच्या डोंगर चढणाऱ्या टोळीतला सगळ्यात जुना मित्र. या वर्षी टोळी नवऱ्याच्या आठवणीत डोंगरावर निघणार होती. “वहिनी, तुम्ही नुसत्या चला, काही करू नका,” असं कप्तान फोनवर म्हणाला होता. स्टोव्ह नेल्याचं मात्र तोंडातून निघालं नव्हतं.

काही करू नका. नवराही आयुष्यभर हेच म्हणत आला. ओझं दोघं सारखंच वाहायची, पण मुक्कामावर स्टोव्ह निघाला की “तू सरक, भडकेल.” नोकरीच्या सुरुवातीला नर्सबाईंनी दवाखान्यात असल्याच स्टोव्हवर रोज सिरिंजा उकळल्या होत्या. तरीही त्या हसून सरकायच्या. आता त्या हसण्याचाही त्यांना राग आला.

दुसऱ्या दिवशी त्या डोंगरसामानाच्या दुकानात गेल्या.

“साहेब नाही आले?” दुकानदाराने विचारलं.

“साहेब वारले. स्टोव्ह मला हवाय.”

तो वरमला. त्याने गॅसच्या डब्यावरचा छोटा स्टोव्ह पुढे केला. “हा घ्या मावशी. बटण फिरवलं की झालं. बायकांना सोपा.”

“कडाक्याच्या थंडीत हा मरगळतो ना? मग काय पुरुषांना बोलावू? तेलावरचा दाखवा.”

त्याने दाखवला. तेलाची बाटली वेगळी, तिलाच पंप, मधे नळी. पेट्रोल चटकन पेटतं, पण अंगावर येतं. रॉकेल काजळी धरतं, आधी चांगलं तापवावं लागतं, पण कुठल्याही खेड्यात मिळतं आणि जरा सबुरीने वागतं. नर्सबाईंनी रॉकेलवरचा घेतला.

गच्चीवर पहिल्याच दिवशी फजिती झाली. बर्नर पुरता तापायच्या आत त्यांनी चावी उघडली आणि पिवळा भडका थेट कपाळापर्यंत आला. पुढचे केस जळाले.

“बघ, सांगत होतो,” मुलगा म्हणाला.

“तुझ्या बाबांच्या मिशा कितीदा जळाल्या, माहितीये? त्यांचा स्टोव्ह कुणी काढून घेतला नाही.”

मग त्या रोज गच्चीवर बसू लागल्या. बर्नर तापवणारी ज्योत खाली बसेपर्यंत थांबायचं, मग चावी हळूच उघडायची, हे हाताला पुन्हा उमगत गेलं.

डोंगरावर मुक्काम पडला तेव्हा वारं सुटलं होतं. कप्तानाने सगळ्यांच्या मधोमध नवऱ्याचा स्टोव्ह मांडला आणि त्याच्यावरून हात फिरवत म्हणाला, “हा म्हणजे आपला मित्रच.”

नर्सबाई उठल्या. एका खडकाच्या आडोशाला त्यांनी आपला स्टोव्ह काढला, पंप मारला, काडी ओढली. कप्तान धावत आला.

“वहिनी, सरका. मी पेटवतो.”

“तो स्टोव्ह तुम्ही मला न विचारता माझ्या घरातून नेलात. हा तरी मला पेटवू द्या.”

कप्तान चाचरला. “मला वाटलं, रोज नजरेला पडून तुम्हाला त्रास होईल.”

“झाला असता. तो त्रास माझा होता.”

ज्योत खाली बसली. त्यांनी चावी फिरवली. स्टोव्ह घरघरला आणि निळा पेटला. कप्तान पाणी उकळेपर्यंत तिथेच उभा राहिला, पण हात पुढे केला नाही.

सकाळी त्यांचा चहा होत आला तेव्हा कप्तानाने नवऱ्याचा स्टोव्ह कापडात गुंडाळून आणला. “चुकलं माझं. हा घ्या.”

नर्सबाईंनी तो मांडीवर घेतला. एक पाय वाकलेला होता; नवऱ्याने तो तारेने बांधला होता. त्या तारेवरून त्यांनी अंगठा फिरवला.

“वहिनी,” शेवटी कप्तान म्हणाला, “मी ठेवू का हा?”

“ठेवा,” त्या म्हणाल्या.

टोळी सॅका पाठीला लावून तयार झाली. नर्सबाईंचा स्टोव्ह अजून गरम होता. त्या त्याच्याशेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून, तो निवायची वाट पाहत बसल्या. कुणीही त्यांना घाई केली नाही.